सिरॅमिकचा खुबा तडकेल का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आईचा उजवा खुबा बदलायचं ठरलं आणि डॉक्टर म्हणाले, बॉल सिरॅमिकचा बसवू. परतीच्या रिक्षात आईने एकच विचारलं, "म्हणजे कपबशीसारखा? पडले तर फुटेल?" मी मटेरिअल इंजिनीअर आहे, सिरॅमिकशी माझा रोजचा संबंध. तेव्हापासून मावश्या, शेजारी, मित्रांचे आईवडील असे कितीतरी जण तोच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारत आले आहेत. त्यांना वेळोवेळी दिलेली उत्तरं इथे एकत्र केली आहेत. कोणाला कोणता सांधा बसवायचा, हा निर्णय अस्थिशल्यचिकित्सकांचा. तो सांधा तडकू नये म्हणून काय काय केलं जातं, ते मी सांगतो.

हे सिरॅमिक म्हणजे चिनी मातीच का?

नाही. लोणच्याची बरणी माती, गारगोटी आणि फेल्डस्पार नावाचं खनिज यांची असते. भाजताना त्यातला काही भाग काचेसारखा वितळतो आणि उरलेल्या कणांना धरून ठेवतो. त्या काचेतूनच तडा सहज धावतो. सांध्यातलं सिरॅमिक म्हणजे मुख्यतः ॲल्युमिना, म्हणजेच ॲल्युमिनियम ऑक्साइड. माणिक आणि नीलम हे याच ऑक्साइडचे स्फटिक, रंग तेवढा अशुद्धीमुळे येतो. सांध्यासाठीची पूड अतिशुद्ध लागते. ती दाबून साच्यात बसवतात आणि सुमारे १५०० ते १६०० अंश सेल्सिअसला भाजतात. ती वितळत नाही, कण कणाला चिकटतात. नंतर हिऱ्याच्या पुडीने घासून इतकी तुळतुळीत करतात की धातूच्या बॉलपेक्षा तिचं घर्षण कमी आणि झीज तर फारच कमी.

एवढं कडक असेल तर मग तुटतं कशाने?

कडकपणा आणि चिवटपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लोखंडी सळईवर जास्त भार आला की ती वाकते. ओरखड्याच्या टोकाशी धातू जरासा सरकतो, बोथट होतो, आणि तडा तिथेच थबकतो. ॲल्युमिनातले अणू असे सरकत नाहीत. त्यामुळे भेगेच्या टोकाशी साचलेला ताण कुठेही विरत नाही.

ब्रिटिश इंजिनीअर ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२० साली काचेच्या तंतूंवर काम करून दाखवलं की ठिसूळ वस्तूची ताकद तिच्यातली सर्वांत मोठी भेग ठरवते. ॲल्युमिनाची चिवटता, म्हणजे भेगेला अडवण्याची क्षमता, साधारण ४ मेगापास्कल रूट मीटर असते. टायटॅनियमच्या मिश्रधातूची याच मापात ५० च्या घरात जाते. आता हिशोब करून पाहा. ॲल्युमिनावर ५०० मेगापास्कलचा ओढणारा ताण आला, तर सुमारे २० मायक्रॉनची भेग पुरते आणि तुकडे होतात. माणसाचा केस याच्या तिप्पट-चौपट जाड असतो. याच समीकरणातून आशाही दिसते: भेग चौथाईवर आणली की ताकद दुप्पट होते. गेल्या पन्नास वर्षांतली निम्मी प्रगती या एका वाक्यात मावते.

आणखी एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. भेग दाबाखाली मिटते आणि ओढीखाली उघडते. म्हणून ॲल्युमिना दाबाखाली जे सहन करतं, त्याच्या काही अंशच ओढीखाली सहन करतं.

पण चालताना खुब्यावर दाबच पडतो ना? ओढ कुठून आली?

हा प्रश्न मला सर्वांत आवडतो, कारण इथेच डिझाइन सुरू होतं.

बॉल भरीव नसतो. मांडीच्या हाडात ठोकलेल्या धातूच्या स्टेमला, म्हणजे दांड्याला, वर निमुळती मान असते. बॉलला खालून तसंच निमुळतं भोक असतं आणि तो त्या मानेवर चपखल बसतो. सर्वाधिक वापरली जाणारी मान १२/१४ म्हणून ओळखली जाते, म्हणजे वर साधारण १२ मिलिमीटर आणि खाली १४. आता लाकूड फोडताना मारतात ती पाचर आठवा. घाव वरून पडतो, पण लाकूड आडवं फाकतं. शरीराचा भार बॉलला मानेवर दाबतो आणि मान पाचरेसारखी भोकाला आतून फाकवते. बाहेरून दाब दिसतो, भोकाच्या भिंतीत मात्र गोलाकार ओढ तयार होते.

बैलगाडीच्या चाकावर लोहार धाव, म्हणजे लोखंडी पट्टा, तापवून चढवतो. ती थंड झाली की चाकाला आवळते आणि स्वतः कायमची ताणात राहते. बॉलची अवस्था त्या धावेसारखी आहे. फरक एवढाच की धाव लोखंडाची असते, केसाएवढी ताणली तरी चालते. सिरॅमिकला ती सवलत नाही.

म्हणून बॉलचा बाहेरचा चकचकीत गोल पाहून लोक समाधानी होतात, तेव्हा मला आतलं भोक दिसतं. तुटणं बहुतेक तिथून सुरू होतं. डिझाइनर जीव ओततात तो चार गोष्टींवर: भोकाचा कोन, त्याची गोलाई, आतल्या पृष्ठभागाचा खडबडीतपणा आणि भोकाच्या तळाच्या कोपऱ्याची वळणरेषा. मानेचा आणि भोकाचा कोन यांत काही मिनिटांचा (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) फरक पडला तरी भार एका अरुंद कड्यावर एकवटतो. ते कडं भोकाच्या तोंडाशी, जिथे भिंत पातळ असते तिथे आलं तर धोका वाढतो. आपण चित्र काढताना कोपरा काटकोनात काढतो, पण सिरॅमिकमध्ये धारदार कोपरा म्हणजे जन्मजात भेग. तिथे सौम्य गोलाई द्यावीच लागते.

मानेवर मुद्दाम बारीक आटे ठेवतात, त्यामागचं कारण सुंदर आहे. बॉल ठोकून बसवला की धातूच्या त्या बारीक धारा थोड्या चेपतात आणि भार पुष्कळ ठिकाणी वाटला जातो. धातूने मऊपणा दाखवायचा म्हणजे सिरॅमिकवर वेळ येत नाही.

मोठा बॉल घेतला तर जास्त मजबूत, हे खरं का?

बॉलपुरतं बरंचसं खरं. भोक तेवढंच ठेवून बाहेरचा व्यास २८ वरून ३६ मिलिमीटर केला की भिंत जाड होते आणि ओढ कमी होते. मागच्या पिढीच्या ॲल्युमिनात तुटलेल्या बॉलमध्ये २८ मिलिमीटरचे, त्यातही आखूड मानेचे बॉल ठळकपणे दिसतात. आखूड मानेसाठी भोक खोल जातं आणि वरची भिंत पातळ उरते.

पण जागा तेवढीच असते. बॉल ज्या कटोऱ्यात फिरतो, त्याला आतून अस्तर असतं; बॉल वाढवला की ते पातळ करावं लागतं, आणि अस्तरही सिरॅमिकचं असेल तर धोका तिकडे सरकतो.

हे सगळं सुरू कोणी केलं?

फ्रान्सच्या नैर्ऋत्येला पो नावाचं शहर आहे. तिथले शल्यचिकित्सक पिएर बुतँ यांनी १९७० मध्ये ॲल्युमिनावर ॲल्युमिना चालणारा खुबा पहिल्यांदा बसवला. त्याआधी इंग्लंडचे शल्यचिकित्सक जॉन चार्नली यांचा धातूचा बॉल आणि प्लास्टिकचा कटोरा यशस्वी ठरला होता, पण प्लास्टिकच्या बारीक कणांमुळे भोवतीचं हाड झिजत असे. बुतँ यांना झिजणारा भागच नको होता. जर्मनीत हाइन्झ मिटेलमायर यांनी १९७४ पासून स्वतःची रचना वापरायला घेतली.

त्या काळातलं ॲल्युमिना मूळचं यंत्रसामग्रीसाठी बनवलेलं होतं. कण जाड, बहुधा पाच मायक्रॉन किंवा त्याहून मोठे, मध्ये हवेची सूक्ष्म छिद्रं, आणि ताकद जेमतेम ४०० मेगापास्कल. तुटण्याच्या घटना झाल्या आणि सिरॅमिकची जी भीती तेव्हा बसली ती आजही टिकून आहे. १९९५ च्या सुमाराला आलेल्या पिढीत तीन सुधारणा झाल्या. भाजलेला बॉल पुन्हा तापवून चहूबाजूंनी वायूच्या प्रचंड दाबाखाली ठेवायला लागले, त्याने उरलीसुरली छिद्रं मिटतात. कण दोन मायक्रॉनच्या खाली आले. आणि क्रमांक कोरण्याऐवजी लेसरने उमटवायला लागले, कारण कोरलेला क्रमांक म्हणजे स्वतःच्या हाताने पाडलेली भेग. ताकद ६०० च्या आसपास पोहोचली.

झिर्कोनियाच्या बॉलचं काय झालं होतं?

झिर्कोनिया, म्हणजे झिर्कोनियमचं ऑक्साइड, ॲल्युमिनापेक्षा चिवट. १९७५ मध्ये गार्वी, हॅनिंक आणि पॅस्को या ऑस्ट्रेलियातल्या तिघांनी 'नेचर'मध्ये छापलेल्या निबंधाच्या शीर्षकातच सिरॅमिकचं पोलाद होऊ शकेल का, असा प्रश्न होता. कारण असं: झिर्कोनियाचा कण तप्त अवस्थेतल्या टेट्रागोनल रचनेतच थंड होऊन अडकवून ठेवता येतो. भेग जवळ आली की कण मोकळा होतो, मोनोक्लिनिक या दुसऱ्या रचनेत जातो आणि सुमारे ४ टक्के फुगतो. फुगलेले कण भेगेच्या दोन्ही काठांना आत रेटतात. ओढ होती तिथे दाब येतो आणि भेग थांबते.

मात्र हाच गुण उलटतो. गरम ओलाव्यात कण भेग नसतानाही पृष्ठभागापासून बदलू लागतात. पृष्ठभाग खडबडीत होतो, सूक्ष्म तडे पडतात. म्हणूनच असे बॉल पुन्हा वाफेने निर्जंतुक करू नका, असा इशारा १९९० च्या दशकातच दिला गेला होता. मग २००१ आलं. सँ-गोबाँ देमार्केस्त या फ्रेंच उत्पादकाने 'प्रोझिर' बॉल बाजारातून परत बोलावले. पदार्थ तोच होता, डिझाइन तेच होतं. १९९८ मध्ये भट्टी बदलली होती: घाण्या-घाण्याने भाजणाऱ्या भट्टीच्या जागी सतत चालणारी बोगदाभट्टी आली होती. त्या भट्टीतल्या काही खेपांचे बॉल शरीरात बसवल्यावर थोड्याच काळात तुटू लागले.

आमच्या क्षेत्रातल्या प्रत्येक तरुणाला मी हे प्रकरण आधी वाचायला सांगतो. सिरॅमिकमध्ये 'तेच डिझाइन, फक्त प्रक्रिया थोडी वेगळी' असं काही नसतं. प्रक्रिया हाच डिझाइनचा भाग असतो. तापमान उतरण्याचा वेग हे माप मिलिमीटरच्या मापाइतकंच महत्त्वाचं आहे.

हल्ली गुलाबी बॉल दिसतो, तो काय आहे?

जर्मनीतल्या सेरामटेक कंपनीने २००३ च्या सुमारास आणलेला 'बायोलॉक्स डेल्टा' हा या जातीतला सर्वांत परिचित. यात ॲल्युमिना साधारण ८० टक्क्यांवर आणि त्यात झिर्कोनियाचे बारीक कण सुमारे १७ टक्के. ॲल्युमिनाचं ताठर आवरण झिर्कोनियाच्या कणांना घट्ट धरून ठेवतं, त्यामुळे भेग आल्यावर फुगण्याचा फायदा मिळतो आणि ओलाव्यात आपोआप बदलण्याला बराच आळा बसतो. शिवाय स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटचे चपटे स्फटिक विखुरलेले असतात. भेगेला ते सरळ जाऊ देत नाहीत, वळसा घालायला लावतात आणि त्यात तिची ऊर्जा खर्ची पडते. गुलाबी छटा थोड्याशा क्रोमियम ऑक्साइडची. माणिकालाही रंग क्रोमियमच देतं.

चिवटता साडेसहाच्या आसपास आणि ताकद १२०० मेगापास्कलच्या पुढे, म्हणजे बुतँच्या काळाच्या तिप्पट.

बॉल किती भार सहन करतो? आपल्या शरीराचा किती पडतो?

आपण सरळ चालतो तेव्हा खुब्यावर वजनाच्या साधारण अडीच पट भार येतो, कारण कंबरेचे स्नायू तोल सावरताना सांधा आवळतात. बर्लिनमध्ये गेओर्ग बेर्गमान यांच्या गटाने रुग्णांच्या सांध्यातच मोजमापाची यंत्रणा बसवून हे मोजलं. ठेच लागून तोल सावरताना हाच भार सात-आठ पट झालेला त्यांना दिसला. ७० किलोच्या माणसाचा चालतानाचा भार सुमारे पावणेदोन किलोन्यूटन, ठेच लागली तर साडेपाच.

अमेरिकेच्या एफडीए या औषधं आणि वैद्यकीय उपकरणांच्या नियामक संस्थेने १९९५ च्या मार्गदर्शक सूचनांत बॉल फोडून पाहायच्या चाचणीत सरासरी ४६ किलोन्यूटन मागितले, आणि एकही नमुना २० च्या खाली फुटता कामा नये असं सांगितलं. सरासरीबरोबर किमान आकडा मागणं फार शहाणपणाचं आहे. स्वीडनचे वालोडी वायबुल यांनी १९३९ मध्ये मांडलेलं संख्याशास्त्र हेच सांगतं की ठिसूळ वस्तूंच्या ढिगात सरासरी फसवी असते, ढीग तोलायचा तो त्यातल्या सर्वांत कमकुवत नगावरून.

एकदाच जोर लावून भागत नाही. भेगेच्या टोकाशी पाण्याचे रेणू पोहोचले की बंध हळूहळू सुटतात आणि कमी भारातही भेग पुढे सरकते. म्हणून द्रवात बुडवून कोटीभर आवर्तनांची चाचणी असते. चालण्याच्या हिशोबाने ती साधारण दहा वर्षांची होते. याखेरीज चांगले उत्पादक प्रत्येक बॉलला कारखान्यातच ठरावीक भार देतात. ज्यात मोठी भेग लपली आहे तो तिथेच फुटतो, रुग्णाच्या शरीरात नाही. माठ घेताना आपण टिचकी मारून नाद ऐकतो, त्याचीच ही जास्त कठोर परीक्षा.

खरोखर किती तुटतात?

इंग्लंड आणि वेल्सच्या राष्ट्रीय सांधा नोंदवहीवरून २०१७ मध्ये सिरॅमिकवर सिरॅमिक चालणाऱ्या खुब्यांचा अभ्यास छापला गेला. जुन्या ॲल्युमिनाच्या ३१,९८२ बॉलपैकी ३८ तुटले होते, म्हणजे ०.११९ टक्के. नव्या गुलाबी पदार्थाच्या ७९,४४२ पैकी ७, म्हणजे ०.००९ टक्के. माझ्या आईला मी हेच सांगितलं.

पण त्याच अभ्यासातला दुसरा आकडा सांगायलाच हवा. कटोऱ्यातली सिरॅमिक अस्तरं जुन्या पदार्थात ०.११२ टक्के तुटली आणि नव्यात ०.१२६ टक्के. पदार्थ दुप्पट ताकदीचा झाला तरी अस्तराच्या बाबतीत फरक दिसला नाही. कारण तिथली अडचण बसवण्याची आहे. पातळ अस्तर धातूच्या कवचात जरा तिरकं बसलं तर काठावर टवका उडतो. आज अनेक शल्यचिकित्सक सिरॅमिकचा बॉल आणि सुधारित पॉलिएथिलीनचं, म्हणजे प्लास्टिकचं, अस्तर अशी जोडी निवडतात. अस्तर तडकण्याचा प्रश्नच त्यात उरत नाही, आणि साठीच्या पुढच्या रुग्णासाठी मला ती निवड फार समंजस वाटते.

तरुणांमध्ये खुबा बदलायची वेळ का येते?

विदर्भात, त्यातही गडचिरोलीच्या पट्ट्यात, सिकलसेल हा रक्ताचा आजार असलेल्या तरुणांमध्ये खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून ते मरतं. स्टेरॉइड आणि दारू हीसुद्धा कारणं आहेत. पंचविशीत बदललेला सांधा पन्नास वर्षं चालावा अशी अपेक्षा असते. तिथे जवळजवळ झीज नसलेल्या जोडीचा मोह समजण्यासारखा आहे, आणि तिथेच हा विषय सर्वांत मोलाचा ठरतो.

ऑपरेशनच्या वेळी काय चुकू शकतं?

मान आणि भोक यांच्यामध्ये हाडाचा कण, रक्ताची गुठळी किंवा सिमेंटचा कपचा राहिला तर सगळा भार त्या एका बिंदूवर येतो. ४६ किलोन्यूटनची खात्री स्वच्छ, कोरड्या मानेवरची असते. म्हणून मान पुसून कोरडी करायची, बॉल हाताने फिरवत बसवायचा आणि प्लास्टिकच्या टोकाच्या ठोकणीनेच ठोकायचा. लोखंडी हातोडा सिरॅमिकला थेट लावायचा नाही. एका कंपनीचा बॉल दुसऱ्या कंपनीच्या मानेवर बसवणंही टाळायचं. दोन्हींवर १२/१४ लिहिलेलं असलं तरी कोन आणि आटे सारखे असतीलच असं नाही.

मांडी घालून, उकिडवं बसता येईल का?

कोरियात जमिनीवर बसणाऱ्या रुग्णांमध्ये सिरॅमिक अस्तराच्या काठाला मान आपटून टवके उडाल्याचं आढळलं आहे. आपलंही बसणं तसंच: जेवायला मांडी, संडासला उकिडवं, देवापुढे वाकणं. पाय टोकापर्यंत वळला की धातूची मान काठावर टेकते आणि बॉल पलीकडच्या बाजूने किंचित उचलला जातो. सगळा भार मग काठाच्या रेषेवर. कटोरा कोणत्या कोनात बसवला आहे, यावर हे फार अवलंबून असतं. त्यामुळे 'मांडी चालेल' किंवा 'कधीच नाही' असं सरसकट उत्तर मी देणार नाही. शस्त्रक्रियेआधीच डॉक्टरांना सांगा, मी जमिनीवर बसते, बसतो. ही माहिती त्यांच्या कामाची आहे.

सांध्यातून कुरकुर आवाज येतो. तडा गेला का?

बहुधा नाही. सिरॅमिकवर सिरॅमिक असेल तर काठावरच्या घर्षणाने आवाज येऊ शकतो. पण अचानक कटकन आवाज झाला, चुरा दळल्यासारखं वाटू लागलं किंवा दुखू लागलं, तर त्याच दिवशी एक्स-रे काढा.

गुडघ्यात सिरॅमिक का फारसं दिसत नाही?

खुबा गोलात गोल असतो. गुडघ्याचा भाग वाकडातिकडा, आतून कोपरे असलेला, हाडाशी कधी टेकलेला आणि कधी अधांतरी. कोपऱ्यांत ओढ साचते. जपानमध्ये ॲल्युमिनाचे गुडघे बराच काळ वापरले गेले आहेत, पण जास्त रुळलेला तोडगा वेगळा: झिर्कोनियम धातूचाच भाग बनवून त्याचा पृष्ठभाग तापवून ऑक्साइडचा करायचा. सुमारे पाच मायक्रॉनचा थर सिरॅमिकचा, खाली धातूचा चिवटपणा.

तुटलाच तर पुढे काय?

लवकर दुसरी शस्त्रक्रिया करून सगळे तुकडे काढायचे, सांध्याभोवतीचं आवरणही शक्य तितकं काढायचं. तरी सूक्ष्म कण राहतातच. म्हणून नवा बॉल धातूचा बसवायचा नाही. सिरॅमिकचे कण मऊ धातूला कानशीप्रमाणे खरवडतात, त्या धातूतलं कोबाल्ट रक्तात उतरतं आणि हृदय, डोळे, कान यांना गंभीर इजा झाल्याचे रुग्ण वैद्यकीय नोंदींत आहेत. नवा बॉल पुन्हा सिरॅमिकचाच हवा. स्टेम चांगला घट्ट असेल तर तो तसाच ठेवतात, पण त्याच्या मानेवर पहिल्या बॉलच्या तुकड्यांचे ओरखडे असतात. नवा सिरॅमिक बॉल थेट त्यावर बसवला की ओरखड्याच्या उंचवट्यावर भार एकवटेल. त्यासाठी आतून टायटॅनियमची टोपी असलेले बॉल मिळतात. ओरखडे टोपी सोसते, सिरॅमिकला गुळगुळीत बैठक मिळते.

अशा वेळी आत नेमकं काय बसवलं होतं हे डॉक्टरांना लगेच कळावं लागतं. शस्त्रक्रियेच्या कागदांवर छोटे स्टिकर चिकटवलेले असतात: बॉलचा व्यास, मानेची लांबी, पदार्थ, खेप क्रमांक. आईच्या फाइलमधल्या त्या पानाचा फोटो आम्हा दोन्ही भावंडांच्या फोनमध्ये आहे, आणि मूळ पान कपाटात, रेशनकार्डाच्या पिशवीत.